निवडून आणलेला राजा बरा की वारसाने आलेला? माझं म्हणणं, आधी निवडणारे कोण ते बघा

तापीकाठ (भुसावळ):
सरपंच थेट जनतेतून की सदस्यांमधून, यावरून आपल्याकडे किती वर्षं धरसोड चालू आहे, २०१७ ला थेट केलं, २०२० ला रद्द केलं, २०२२ ला परत थेट. त्यावरूनच परवा ग्रुपवर वाद चालू होता तं एका मित्राने लिहिलं की एवढी कटकट कशाला, राजे होते तेच बरं होतं, निदान निवडणूक तरी नव्हती. हे वाक्य काही डोक्यातून जात नाही म्हणून इथे लिहू राहिलो. निवडणूक नव्हती असं नाहीच ना भो! जगात कितीतरी ठिकाणी राजा मत टाकून निवडला गेला आणि आजही निवडला जातो.

मलेशियात नऊ राज्यांचे नऊ राजे बसतात, गुप्त मतदान करतात आणि आपल्यातलाच एक जण पाच वर्षांसाठी अख्ख्या देशाचा राजा करतात. पोप म्हणजे नुसता धर्मगुरू नाही, व्हॅटिकन नावाच्या देशाचा तो राजाच आहे, त्याला ८० वर्षांच्या आतले कार्डिनल निवडतात आणि दोन तृतीयांश मतं लागतात. मे २०२५ ला १३३ जणांनी मतदान केलं, ८९ मतं पाहिजे होती, चौथ्या फेरीत चौदावे लिओ निवडून आले. कंबोडियात २००४ ला सिहानूक यांनी गादी सोडली तेव्हा नऊ जणांच्या मंडळाने सिहामोनी यांना निवडलं. आणि जुनं उदाहरण म्हणजे जर्मनीकडचं पवित्र रोमन साम्राज्य, तिथे १३५६ च्या फर्मानाने सातच मतदार ठरवून टाकले: माइन्झ, ट्रियर आणि कोलोनचे तीन आर्चबिशप, बोहेमियाचा राजा, ऱ्हाइनकडचा पॅलाटिन सरदार, सॅक्सनीचा ड्यूक आणि ब्रांडेनबुर्गचा सरदार. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर या सातांना पुढे फक्त पाव आणि पाणी, असं त्या फर्मानात लिहिलेलं आहे.

आता माझं मत. आपण सगळे विचारतो राजा कसा होता, शूर होता का, ऐदी होता का. खरं बघायचं ते निवडणाऱ्यांकडे. त्यांना कसा राजा सोयीचा पडतो? दुबळा सोयीचा पडत असेल तं ते दुबळाच आणतील, एकदा नाही, दरवेळी. पण ज्यांना त्याच राजाखाली राहायचंय आणि मुदत संपली की परत एकमेकांच्या तोंडाकडे बघायचंय, ते जरा जपून मत टाकतात. म्हणून मतदार नीट ठरवले असतील तर निवडलेला राजा वारसाच्या राजापेक्षा केव्हाही बरा. मतं मांडा, विरोधात असाल तरी मांडा, फक्त उदाहरण देऊन बोला.

नाना (अमळनेर):
भाऊ, मी पूर्ण विरोधात. राजा निवडायचाच आहे तं राजेशाही कशाला ठेवता, आणि राजेशाही ठेवायची तं निवडणूक कशाला. दोन्हीतलं वाईट तेवढं पदरात पडतं. पुरावा पाहिजे तं पोलंड घ्या.

१५७२ ला यागेलोन घराण्याचा शेवटचा राजा मुलगा न ठेवता गेला. पुढच्या वर्षी वॉर्साजवळच्या माळावर सगळे सरदार जमीनदार जमले, ४० हजाराच्या आसपास होते म्हणतात, आणि लहानात लहान जमीनदारालाही मत. ऐकायला किती चांगलं वाटतं. निवडला कोण, तं फ्रान्सच्या राजाचा भाऊ हेन्री. त्याच्याकडून अटी लिहून घेतल्या, वारस नेमायचा नाही, दर दोन वर्षांनी संसद बोलवायची, धर्मावरून कोणाला त्रास द्यायचा नाही, अटी मोडल्या तं सरदारांना हुकूम न पाळायचा हक्क. १५७४ च्या फेब्रुवारीत राज्याभिषेक झाला, जूनमध्ये फ्रान्समधून भाऊ वारल्याची खबर आली आणि हा रात्रीतून राजवाडा सोडून पळाला, कारण तिकडची गादी मोकळी झाली होती. ज्या राजाला इतक्या लोकांनी उन्हातान्हात उभं राहून निवडलं त्याने चार महिन्यांत देश टाकून दिला!

आणि हे पहिलंच. पुढे १६९७ ला फ्रान्सकडच्या कॉन्तीला जास्त मतं पडली पण सॅक्सनीचा ऑगस्टस सैन्य घेऊन आधी पोचला, त्याच्यासाठी धर्मही बदलून आला, आणि राजा झाला. १७३३ ला लेश्चिन्स्की निवडून आला तं रशियाच्या फौजेने दुसरा राजा बसवला आणि त्याच्यावरून युरोपात लढाई पेटली. १७६४ ला पोनियातोव्स्की, तो रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिचाच माणूस, मतदान झालं ते रशियन सैन्य आजूबाजूला असताना. मग १७७२, १७९३, १७९५ असे तीन लचके तोडले आणि देश नकाशावरून गेला तो गेलाच, १२३ वर्षं. राजाच्या प्रत्येक मृत्यूनंतर शेजाऱ्यांना दार उघडं करून द्यायचं, याला तुम्ही पद्धत म्हणता?

आणि सगळ्यात मोठा पुरावा खुद्द पोलंडच्याच लोकांचा. ३ मे १७९१ ला त्यांनी स्वतः राज्यघटना केली आणि त्यात गादी वारसाहक्काने देऊन टाकली. दोनशे वर्षं अनुभव घेऊन त्यांनीच तुमची निवडणूक नाकारली.

तापीकाठ (भुसावळ):
नाना, पोलंड येणार हे माहीत होतं. पण तुम्ही अर्धंच सांगितलं. हेन्रीच्या नंतर निवडून आला तो स्टीफन बाथोरी, ज्याने रशियाच्या झारला, इव्हान द टेरिबलला, मागे रेटलं. १६७४ ला निवडून आलेला सोबिएस्की, त्यानेच १६८३ ला तुर्कांनी व्हिएन्नाला घातलेला वेढा मोडला. ही माणसं वारसाने कधी गादीवर आली असती का? सोबिएस्कीच्या घराण्यात राजाच नव्हता कोणी.

देश बुडाला त्याचं कारण राजा निवडायची पद्धत एकटी नाही. त्यांच्या संसदेत एका सभासदाने उठून 'मला मंजूर नाही' म्हटलं की अख्खं अधिवेशन बाद, १६५२ पासून हे सुरू झालं आणि मग शेजारचे देश एकेका सभासदाला पैसे चारून पाहिजे ते बंद पाडायला लागले. आणि मी वर म्हटलं तेच, त्या सरदारांना मजबूत राजा नकोच होता! कर द्यायला नको, कायमची फौज नको, आपली जहागिरी तेवढी सलामत राहो. १७९१ च्या घटनेने गादी वारसाने केली हे बरोबर पण त्याच घटनेने तो एका सभासदाचा नकारही काढून टाकला, ते का नाही सांगत.

थाळनेर_शिरपूर:
नानांच्या शेजाऱ्यांना दार उघडं वाल्या मुद्द्यावर आमच्या गावची गोष्ट सांगू द्या, कारण ती युरोपातली नाही, तापीच्या काठावरची आहे. थाळनेर ही फारुकी सुलतानांची जुनी राजधानी, त्यांच्या कबरी आजही गावात आहेत. तिथे कुठलीही निवडणूक नव्हती, गादी वारसानेच. १५०८ ला दाऊद खान वारला, त्याचा मुलगा गझनी खान गादीवर बसला आणि काही दिवसांतच त्याला विष घातलं. वारस संपला. मग दोन गट पडले, आणि गंमत म्हणजे दोन्ही दावेदारांचं नाव आलम खान. एकाच्या मागे अहमदनगरचा निजामशहा, दुसऱ्याच्या मागे गुजरातचा महमूद बेगडा. बेगडा फौज घेऊन थेट थाळनेरला आला आणि १५०९ ला आपला माणूस आदिल खान म्हणून गादीवर बसवून गेला.

म्हणजे वारसाची गादी होती तरी राजा गुजरातने ठरवला. पोलंडमध्ये १७३३ ला रशियाने जे केलं तेच खानदेशात सव्वादोनशे वर्षं आधी झालं, मतपेटी नसताना. मग दोष निवडणुकीला काबरं द्यायचा? राज्य लहान आणि शेजारी दांडगे असले की बळी तो कान पिळी, राजा कसाही निवडा.

नाना (अमळनेर):
थाळनेरच्या भाऊ, उदाहरण आवडलं, आपल्या मातीतलं आहे. पण फरक लक्षात घ्या. वारसाच्या गादीत वंश खुंटला की गोंधळ होतो, तो कधीतरी होतो. निवडणुकीच्या गादीत प्रत्येक राजा मेला की गोंधळ. धोका दोन्हीकडे असेल पण एकीकडे पिढ्यानपिढ्यांतून एकदा आणि दुसरीकडे दरवेळी, याला सारखं कसं म्हणणार.

दोंडाईचाकर:
पैशाचं कोणी बोलेना म्हणून मी बोलतो. आमच्या बाजूला नंदुरबार तालुक्यात खोंडामळी, आणि नाशिक जिल्ह्यात देवळा तालुक्यातलं उमराणे, या दोन गावांची ग्रामपंचायत निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये रद्द केली होती, कारण सरपंचपदासाठी बोली लागली होती. मंदिरासाठी पैसा जमवायचा म्हणून का असेना पण पद लिलावात काढलं. आपण तेव्हा किती नावं ठेवली गावाला.

आता १५१९ बघा. फ्रांकफुर्टला त्या पवित्र रोमन साम्राज्याचे सात मतदार, गादीसाठी मुख्य दोघं, स्पेनचा १९ वर्षांचा चार्ल्स आणि फ्रान्सचा फ्रान्सिस. चार्ल्सने या सातांवर आणि त्यांच्या माणसांवर साडेआठ लाख सोन्याची नाणी उधळली, त्यातली पाच लाखांच्या वर एकट्या याकोब फुगर नावाच्या सावकाराने दिली. चार्ल्स निवडून आला. चार वर्षांनी त्याच सावकाराने सम्राटाला पत्र लिहून आठवण करून दिली की माझ्याशिवाय तुम्हाला हा मुकुट मिळाला नसता, आता माझी बाकी चुकती करा. अख्ख्या साम्राज्याच्या मालकाला सावकार असं लिहितो! पुढे खाणींचे ठेके, वसुलीचे हक्क सगळं सावकाराच्या घशात गेलं. भाऊ तुम्ही म्हणता मतदार नीट ठरवा, अहो तिथे मतदार फर्मान काढून ठरवले होते, तीन तर धर्मगुरू होते, त्यांनीही हात पुढे केलाच ना. मतदार जितके कमी तितकं विकत घेणं सोपं, चाळीस हजारांना एकदम कोण विकत घेणार, सातांना घेता येतं. म्हणून माझं मत थेट सरपंचाच्या बाजूने आहे आणि राजाच्या बाबतीतही तेच लॉजिक लागू.

नाना (अमळनेर):
दोंडाईचाकर, चाळीस हजारांना विकत घेता येत नाही असं वाटतं तं पोलंडच्या पुढच्या निवडणुकांचा इतिहास काढून बघा, फ्रान्स, ऑस्ट्रिया, रशिया सगळ्यांचे वकील थैल्या घेऊन वॉर्साला मुक्कामाला असायचे. मोठे सरदार लहान जमीनदारांना आपल्या खर्चाने माळावर आणायचे, खाणंपिणं करायचे आणि एकगठ्ठा मत घ्यायचे. हे तुम्हाला ओळखीचं वाटत नाही का?

अभ्यासिका_जळगाव:
मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, भारताचा इतिहास चालू आहे म्हणून थोडं आपल्याकडचं लिहिते. आपल्याकडे राजा निवडायची कल्पना खूप जुनी आहे, अथर्ववेदात 'त्वां विशो वृणतां राज्याय' असं आहे, म्हणजे प्रजा तुला राज्यासाठी निवडो. जुनागडच्या शिलालेखात रुद्रदामन राजा साधारण इ.स. १५० ला स्वतःबद्दल लिहून ठेवतो की सर्व वर्णांनी येऊन रक्षणासाठी मला स्वामी म्हणून निवडलं. बंगालमध्ये साधारण ७५० ला गोपाल. मोठा मासा लहान माशाला गिळतो अशी बेबंदशाही माजली होती, ती संपवायला लोकांनी त्याला राजा केलं असं खालिमपूरच्या ताम्रपटात आहे.

पण मला यात एक गोष्ट खटकते आणि तीच माझी मुख्य शंका आहे. रुद्रदामन त्याच लेखात पुढे सांगतो की महाक्षत्रप हे पद मी स्वतः मिळवलं. आणि खालिमपूरचा ताम्रपट कोणाचा, तर गोपालच्या मुलाचा, धर्मपालाचा. म्हणजे 'आमच्या वडिलांना लोकांनी निवडलं' हे गादीवर बसलेला मुलगा सांगतोय! गोपालनंतर परत कोणी कोणाला निवडलं? पाल घराणं चारशे वर्षं बापाकडून मुलाकडे चालत राहिलं.

फ्रान्समध्येही तेच. ९८७ ला ह्यू कापे याला सरदारांनी निवडलं, त्याने त्याच वर्षी आपल्या मुलाला, रॉबर्टला, स्वतः जिवंत असतानाच मुकुट घातला. त्याच्या वंशजांनी दोनशे वर्षं हाच प्रकार केला, बाप असतानाच मुलाचा राज्याभिषेक, मग निवडणूक घ्यायची वेळच येत नाही. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबुर्ग घराण्याने तर पवित्र रोमन साम्राज्यात सात मतदार असून १४३८ पासून १७४० पर्यंत गादी घरातच ठेवली, सम्राट जिवंत असतानाच पुढच्याला 'रोमनांचा राजा' म्हणून निवडून घ्यायचे. माझं तापीकाठ दादांना एवढंच विचारणं आहे की निवडणारे कितीही चांगले असोत, एकदा निवडून आलेल्याने मुलाला पुढे करायचं ठरवलं तर त्याला थांबवणार कोण? आपल्याकडे जिल्ह्या-जिल्ह्यात तीच तीच आडनावं दिसतात ती काय वारसा कायद्याने आली आहेत का, सगळी निवडूनच आली ना.

मोसमकाठची ताई (मालेगाव):
सगळे युरोपात फिरून आले पण आमच्या कवळाण्याला कोणी आलं नाही. मालेगाव तालुक्यातलंच गाव. १८७५ ला बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी गादीवरून काढलं तेव्हा आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा महाराणी जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. गायकवाडांची एक शाखा कवळाण्यात शेती करून राहत होती, तिथून तीन मुलं बडोद्याला नेली. आमच्याकडे आजही सांगतात की मुलांना विचारलं तुम्ही इथे कशाला आलात, तेव्हा गोपाळ म्हणाला मी राज्य करायला आलोय. १२ वर्षांचा मुलगा, अक्षरओळख नव्हती. तोच सयाजीराव झाला. १८९३ ला अमरेली भागात आणि १९०६ ला अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१३ ला बाबासाहेबांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली.

माझं म्हणणं हे आहे की वारसा आणि निवड हे एकमेकांच्या विरोधात ठेवूच नका. रक्त त्याच घराण्याचं पण माणूस पारखून घेतलेला. जमनाबाईंनी निवडला, इंग्रजांनी मान्यता दिली, झालं. मतदार फक्त दोन आणि निकाल असा की बडोद्याला तसा राजा परत झाला नाही.

नाना (अमळनेर):
ताई, सयाजीरावांबद्दल माझ्या मनात तुमच्याइतकाच आदर आहे. पण त्यांना घडवलं कोणी ते पण सांगा. दिवाण सर टी. माधवराव यांनी सात वर्षं राज्य सांभाळलं, इलियट साहेबांनी मुलाला शिकवलं, १८८१ च्या डिसेंबरात सगळा अधिकार हाती दिला. तीन मुलांमधून कोणीही निवडला असता आणि असंच शिकवलं असतं तं? श्रेय निवडीचं की शिक्षणाचं?

मोसमकाठची ताई (मालेगाव):
नाना, दोन्हीचं. पण शिकवता येईल असं मूल निवडायची नजर लागतेच ना! कांचीला पल्लवांचा वंश खुंटला तेव्हाही राज्यातल्या प्रमुख लोकांनी जाऊन दुसऱ्या शाखेतला १२ वर्षांचा मुलगा आणला, दुसरा नंदिवर्मन, आणि त्याने साठ वर्षांच्या वर राज्य केलं. ती निवडीची हकिकत कांचीच्या वैकुंठ पेरुमाळ देवळात भिंतीवर कोरलेली आहे. लहान वय, मोकळं डोकं, आणि निवडणाऱ्यांना स्वतः राजा व्हायचं नाही. हे तिसरं फार महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. तुमच्या सात जर्मनांना आणि पोलंडच्या सरदारांना स्वतःचा फायदा काढायचा होता.

अहिर_गडी:
मी काय म्हनस, निवडनार त्याच, निवडाई जानार बी त्याच. सात जनासले मत दिधं तं बाकीना लोकेसनी काय करानं? नऊ राजास्नी मिळीसन एक राजा निवडा, त्यामा परजा कोठे शे?

चोपडेकर (क्वालालंपूर):
मी मूळचा चोपड्याचा, नोकरीसाठी मलेशियात आहे, त्यामुळे इथलं थोडं जवळून माहीत आहे. अहिर भाऊंचा सवाल बरोबर आहे पण आधी पद्धत कशी आहे ते सांगतो.

देशात १३ राज्यं, त्यातल्या नऊंनाच राजे आहेत, मत या नऊ जणांनाच, बाकी चार राज्यांच्या गव्हर्नरांना या कामात मत नाही. पाळी ठरलेली आहे. ज्याची पाळी आहे त्याच्या नावावर बाकीचे मत देतात की हा योग्य आहे का नाही. मतपत्रिकेवर नंबर नसतो, सगळ्यांना पेन आणि शाई एकच, म्हणजे अक्षरावरून शाईवरून कोणी ओळखू नये, आणि निकाल लागला की मतपत्रिका नष्ट करतात. पाच मतं लागतात. १९५७ ला पहिल्यांदा निवड झाली तेव्हा जोहोरच्या सुलतानांनी वयामुळे नको म्हटलं, मग पहांगच्या सुलतानांची पाळी होती तं बाकीच्यांनी त्यांना निवडलंच नाही, आणि नेगेरी सेंबिलानचे तुआंकू अब्दुल रहमान पहिले राजा झाले. म्हणजे पाळी असली तरी मताला अर्थ आहे.

आणि यांना पॉवर नाही असं समजू नका. २०१९ च्या जानेवारीत केलंतानच्या सुलतानांनी मुदतीच्या मधेच देशाची गादी सोडली, असं पहिल्यांदाच झालं. पुढची पाळी पहांगची, तिथले सुलतान खूप आजारी, तं राज्याच्या राजमंडळाने त्यांच्या मुलाला, अब्दुल्लांना, आधी सुलतान केलं आणि मग ते देशाचे राजा निवडून आले. याच अब्दुल्लांच्या काळात सरकार पडत होतं, परत बनत होतं. २०२० च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी आणीबाणी मागितली ती त्यांनी नाकारली. नोव्हेंबर २०२२ ला कोणालाच बहुमत मिळालं नाही तेव्हा पाच दिवसांनी अन्वर इब्राहिम यांना त्यांनीच पंतप्रधान नेमलं. हे सगळं करून जानेवारी २०२४ ला मुदत संपली आणि ते आपल्या पहांगला परत गेले, जोहोरचे सुलतान इब्राहिम आले. मला इथली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे, राजा घरी जातो.

शारजा_यावल:
चोपडेकर भाऊ, आमच्याकडे संयुक्त अरब अमिरातीतही कागदावर असंच आहे. सात अमिरातींचे सात शासक मिळून पाच वर्षांसाठी राष्ट्राध्यक्ष निवडतात. पण १९७१ ला देश झाला तेव्हापासून तीनच झाले आणि तिन्ही अबू धाबीचे, बाप आणि दोन मुलं. मे २०२२ ला शेख खलिफा वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी शेख मोहम्मद निवडून आले. मोठ्या निर्णयांना सातपैकी पाच मतं लागतात आणि त्यात अबू धाबी, दुबई दोन्ही असलेच पाहिजेत. तेल ज्याचं गादी त्याची. लोकांची काही तक्रार ऐकू येत नाही, काम चांगलं चालू आहे, मी स्वतः इथे खूश आहे, पण याला निवडणूक म्हणायचं का हे मला पटत नाही.

तापीकाठ (भुसावळ):
अभ्यासिका ताई, तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड होता, त्याचं उत्तर चोपडेकरांनी अर्धं दिलंय. मुलाला पुढे करण्यापासून थांबवायचं तं मुदत पाहिजे, आणि गादी दुसऱ्या घरात गेलीच पाहिजे असा नियम पाहिजे. मलेशियात दोन्ही आहे. अमिरातीत मुदत आहे पण दुसऱ्या घरात जायची सक्ती नाही, म्हणून निकाल आधीच माहीत.

आणि व्हॅटिकनने हे दुसऱ्या मार्गाने केलं, पोपला मूलबाळच नाही, तं वारसाचा प्रश्नच मिटला. पण त्यांनाही शिकायला वेळ लागला. १२६८ ला व्हितेर्बो गावात निवड सुरू झाली ती १२७१ पर्यंत चालली, जवळपास तीन वर्षं, शेवटी गावच्या लोकांनी कार्डिनलांना कोंडलं, जेवण कमी केलं, छप्पर काढून टाकलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण ज्यांना मत नव्हतं त्या साध्या गावकऱ्यांनी मतदारांना कामाला लावलं! मग जो पोप निवडून आला, दहावा ग्रेगरी, त्यानेच १२७४ ला कोंडून मतदान घ्यायचा नियम केला. अगदी अलीकडेही बघा, १९९६ ला दुसऱ्या जॉन पॉल यांनी नियम केला की तीसेक फेऱ्या होऊनही जमलं नाही तं साध्या बहुमताने निवडता येईल. यात गोम अशी की ज्या गटाकडे निम्म्याहून थोडी जास्त मतं आहेत त्याने दुसऱ्यांशी बोलायचंच काबरं, नुसतं बसून राहायचं. २००७ ला सोळाव्या बेनेडिक्ट यांनी तो नियम काढला आणि परत दोन तृतीयांश केलं. एका नियमाच्या फरकाने माणसं एकमेकांशी बोलतात की अडून बसतात ते ठरतं. मी हेच म्हणू राहिलो सुरुवातीपासून.

नाना (अमळनेर):
चोपडेकर, तुमचं वाचून चांगली माहिती मिळाली. पण राज्यांच्या आत काय? ते नऊच्या नऊ आपापल्या गावी वारसानेच बसलेत ना. म्हणजे वरती निवडणूक आणि खाली सगळं घराणं. मग देशाचा राजा निवडलेला आहे असं म्हणण्यात किती दम राहिला?

चोपडेकर (क्वालालंपूर):
नाना, नऊच्या नऊ नाही. नेगेरी सेंबिलानमध्ये राजा आतमध्येही निवडूनच येतो. तिथे सुंगेई उजोंग, जेलेबू, जोहोल आणि रेंबाऊ या चार भागांचे चार सरदार आहेत, त्यांना उंदांग म्हणतात, हे चौघे मिळून राजा निवडतात आणि स्वतः कधीच राजा होऊ शकत नाहीत, मालेगावच्या ताईंनी जी तिसरी अट सांगितली तीच. हे उंदांग त्यांच्या त्यांच्या कुळांमधून येतात आणि कूळ आईकडून मोजतात, बापाकडून नाही. राजा मात्र एकाच राजघराण्यातला पुरुष पाहिजे, म्हणजे उमेदवारी बंदच आहे, हे मान्य.

पण मुलालाच गादी मिळते असं नाही. १९६७ ला तिथले राजा तुआंकू मुनावीर वारले तेव्हा त्यांचा मुलगा मुह्रिझ लहान होता, तं चौघांनी मुनावीर यांच्या भावाला, जाफर यांना निवडलं. जाफर एक्केचाळीस वर्षं गादीवर होते, मधे पाच वर्षं देशाचे राजाही झाले, त्यांना मुलं होती, सगळ्यांना वाटत असणार की आता गादी त्यांच्याच घरात राहील. २००८ च्या डिसेंबरात ते वारले आणि उंदांगांनी त्यांच्या मुलांना बाजूला ठेवून पुतण्याला, त्याच मुह्रिझ यांना निवडलं. दोन दिवसांत निर्णय झाला, कुठे दंगा नाही, फौज नाही.

नाना (अमळनेर):
हे २००८ चं मला माहीत नव्हतं, वाचतो. पण माझा विरोध कायम समजा. सात असोत, चार असोत की चाळीस हजार असोत, पोलंडच्या त्या माळावर शेतात राबणाऱ्या शेतकऱ्यांना पाय ठेवायची परवानगी नव्हती आणि देशात बहुसंख्य तेच होते. तुमच्या चार उंदांगांना राबणारा माणूस जाब विचारू शकतो का, कसा विचारतो, ते सांगा. अहिर भाऊंच्या सवालाला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

चोपडेकर (क्वालालंपूर):
थेट मत नाही नाना, तेवढं खरं. पण कुळाचे प्रमुख उंदांगाच्या डोक्यावर बसलेले असतात, त्यांनी त्याला निवडलेलं असतं आणि वागणूक बिघडली तं त्याला काढायचा हक्क तिथल्या रिवाजात आहे. सामान्य माणूस आपल्या कुळाच्या प्रमुखाकडे जातो, प्रमुख उंदांगाकडे. अहिर भाऊ, परजा आहे ती तिथे, तिसऱ्या पायरीला.

अहिर_गडी:
तिसरी पायरीवर बठाडं, पन बठाडं तं खरं. पहिली पायरीवर कधय येतीन ते सांगा आते.